कमी खर्चात, स्वतःच्या हाताने पेट्रोल गाडीची ताकद वाढवणे : स्विफ्ट १.२ (आणि थोडं डिझेल)

#१ घाटवळणी
गाडी २०१३ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, १.२ के-सिरीज पेट्रोल, ९२ हजार किमी. कंपनीचा आकडा ८५ बीएचपीच्या (ब्रेक हॉर्सपॉवर, इंजिनाच्या ताकदीचं माप) आसपास. वापर पुणे शहर आणि ताम्हिणी. चार माणसं, सामान आणि एसी असला की चढावर तिसरा गिअर टिकत नाही. खर्चाची मर्यादा २५ हजार. सॉकेट सेट, जॅक, उचललेली गाडी टेकवायच्या दोन घोड्या आणि टॉर्क पाना हाताशी आहे.
कोन फिल्टर (मूळ डब्याऐवजी लावायचा उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर), फ्री-फ्लो सायलेन्सर (धुराला कमी अडवणारा), इरिडियम प्लग, रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली पेट्रोल आणि ठिणगीची सेटिंग बदलणं) यांपैकी कशातून खरोखर किती मिळतं? घरी करता येण्यासारखं आधी सांगा.

#२ गॅस्केट
आधी हिशोब, म्हणजे कोणी १५ बीएचपीचं आश्वासन दिलं तर ते कुठून येणार हे विचारता येईल.

पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, हवा ओतता येत नाही. म्हणून ताकदीचा हिशोब हवेपासून सुरू होतो. १.२ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा १.२ लिटर हवा ओढतं. ६००० आरपीएमला मिनिटाला ३६०० लिटर. सिलेंडर पूर्ण भरत नाही, भरणा ८५ टक्के धरला तर ३०६० लिटर, म्हणजे सेकंदाला ५१. समुद्रसपाटीला ३० अंश तापमानात लिटरभर हवेचं वजन साधारण १.१६ ग्रॅम, म्हणजे सेकंदाला ५९ ग्रॅम हवा. फुल थ्रॉटलला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर) १२.५ भाग हवेला १ भाग पेट्रोल धरा : सेकंदाला ४.७ ग्रॅम पेट्रोल. ग्रॅमला ४४ किलोज्यूल या दराने २०७ किलोवॉट उष्णता. त्यातले ३० टक्के क्रँकवर (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर) येतात : ६२ किलोवॉट, म्हणजे ८३ बीएचपी. कंपनीचा आकडा इथूनच येतो.

आता हेच पुण्यात करा. ५६० मीटर उंचीवर हवेचा दाब ६ टक्क्यांनी कमी, म्हणजे गाडी नवी असली तरी ७८-७९. महाबळेश्वरला जवळपास १५ टक्के तूट. यात गाडीचा दोष नाही आणि टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) नसताना यावर उपायही नाही.

भरणा, मिश्रण आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) या तिन्हींवर काम करून टर्बो नसलेल्या इंजिनातून ५ ते ८ टक्के मिळतात, त्यापलीकडे फार महाग पडतं. पण दहा वर्षांच्या गाडीने तेवढेच टक्के गळती, झिज आणि घाणीत आधीच गमावलेले असतात. ते परत मिळवणं सगळ्यात स्वस्त. म्हणून माझं मत ठाम आहे : मोजल्याशिवाय एकही पार्ट घेऊ नका.

#३ रेव्हकाउंटर
मोजायचं कसं ते लिहितो.

ब्लूटूथ ओबीडी ॲडॉप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली रीडिंग मोबाईलवर दाखवणारा) ५०० ते १५०० रुपयांत मिळतो. अगदी स्वस्त नकलांमध्ये काही कमांड गाळलेल्या असतात, त्यामुळे घेताना तुमच्या गाडीवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (मिश्रण सांभाळायला कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो ते), इंटेक तापमान (आत येणाऱ्या हवेचं), मॅप सेन्सरचा दाब (इंटेक मॅनिफोल्डमधल्या हवेचा) आणि इग्निशन ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते ते) दिसतात का ते तपासून घ्या. एका वेळी दोनच रीडिंग लॉगला लावा. दहा लावली की प्रत्येकाचा नंबर सेकंद-दीड सेकंदाने येतो आणि लॉग निरुपयोगी होतो.

काय टिपायचं :
इंजिन बंद, चावी ऑन : मॅप सेन्सर बाहेरचा दाब दाखवतो. पुण्यात ९४-९५ किलोपास्कल.
फुल थ्रॉटल, ५५०० आरपीएम : हाच आकडा पुन्हा. दोन्हींतला फरक म्हणजे फिल्टर, नळी आणि थ्रॉटल मिळून हवेला किती अडवतात ते. दीड ते अडीच किलोपास्कल ठीक. चार-पाच असेल तर तेवढे टक्के ताकद वाटेतच गेली.
गरम इंजिन, आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता) आणि २५०० आरपीएम : लाँग टर्म ट्रिम.
फुल थ्रॉटलला पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज : ०.८५ ते ०.९० हवा. ०.८ च्या खाली गेला तर मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आहे, आणि त्या अवस्थेत ताकद वाढवण्याचं काहीही करायचं नाही.

पिकअप मोजायला मोबाईल मीटरसमोर पक्का लावून आरपीएम काट्याचा व्हिडिओ काढा. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे ०.०३ सेकंदाची अचूकता, ओबीडीपेक्षा चांगली. दुसरा गिअर, २५०० वरून फुल थ्रॉटल, ५५०० ला सोडा. वेग ७५ च्या आसपासच राहतो. मोकळा सपाट रस्ता, दोन्ही दिशांनी, एसी बंद, टाकीत तेवढंच पेट्रोल, टायरमध्ये तेवढीच हवा, दिवसाची तीच वेळ. दोन्ही दिशांची सरासरी घ्या. ही खेच पाच सेकंदांची असेल तर ५ टक्के ताकद म्हणजे पाव सेकंद. बसल्या जागी तो कळत नाही, व्हिडिओत कळतो.

#४ घाटवळणी
रीडिंग घेतली.
चावी ऑन : ९४.६. फुल थ्रॉटल ५५०० ला : ८९.८.
ट्रिम आयडलला +१३, २५०० ला +६.
ऑक्सिजन सेन्सर फुल थ्रॉटलला ०.८८.
इंटेक तापमान सिग्नलला उभं असताना ६१, चालताना ४३ (बाहेर ३४).
चेक इंजिनचा दिवा नाही.

#५ टॅपेट
छान रीडिंग. यावरून बरंच कळतं.

०.८८ आहे, म्हणजे पंप, टाकीतला फिल्टर आणि इंजेक्टर फुल थ्रॉटलला पुरेसं पेट्रोल देतायत. त्यांच्यावर एक रुपया घालू नका. गॅरेजमध्ये 'इंजेक्टर क्लीनिंग' सुचवतील, नाही म्हणा.

ट्रिम आयडलला +१३ आणि वर गेल्यावर +६ हा नमुना हवेच्या गळतीचा. गळतीतून येणारी हवा साधारण तेवढीच राहते. आयडलला एकूण हवा कमी असल्याने तिचा वाटा मोठा दिसतो, आरपीएम वाढला की विरतो. पेट्रोलचा पुरवठा कमी असता तर उलट झालं असतं : आयडलला ठीक आणि लोड वाढला की ट्रिम वर. उरलेला +६ बहुतेक ई-२० चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) आहे. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) तेवढं जास्त पेट्रोल घालून भागवतो, त्यात बिघाड नाही.

गळती शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारू नका, आग लागते. इंजिन आयडलला ठेवून स्प्रे बाटलीतून साधं पाणी पीसीव्ही नळीच्या (इंजिनातली वाफ परत इंटेकमध्ये नेणारी) टोकांवर, ब्रेक बूस्टरच्या नळीवर, इंटेक मॅनिफोल्डच्या सांध्यावर आणि इंजेक्टरच्या बुडाशी थोडं थोडं सोडा. गळतीवर पाणी पडलं की क्षणभर भोक बुजतं आणि आयडलचा आवाज बदलतो. कॉइल आणि कनेक्टरपासून लांब. दुसरी युक्ती : नळी फडक्यात धरून पक्कडीने हलकी दाबा. दाबल्यावर शॉर्ट टर्म ट्रिम (त्या क्षणाचा) खाली आला तर गळती त्या नळीत किंवा तिच्या पलीकडे. या वयाच्या गाडीत पीसीव्ही नळी वळणाच्या आतल्या बाजूने तडकलेली सापडते. वरून चांगली दिसते, काढून वाकवली की चीर उघडते. ती करकरीत झाली असेल तर न दाबता सरळ बदला.

दाबातला फरक ४.८ हा जास्तच. एअर फिल्टर काढून एकच खेच घ्या (धूळ नसलेल्या रस्त्यावर, आणि लगेच परत बसवा). आकडा ९२ च्या वर गेला तर फिल्टर दोषी. तसाच राहिला तर फिल्टरच्या आधीची तोटी बघा, पानं आणि उंदराचं घरटं दोन्ही निघतात.

#६ तेरानंबर
फिल्टरवरून एक. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये बुजलेल्या फिल्टरवर चाचण्या केल्या होत्या. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत ॲव्हरेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, पण वेग घ्यायला लागणारा वेळ नवीन फिल्टरने ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. फुल थ्रॉटलला ईसीयूकडे वाट मोकळी करण्याचा कुठलाच मार्ग उरत नाही, म्हणून. पिकअप हवा असेल तर तीन-चारशेचा कागदी फिल्टर वेळेआधी बदलणं हा कोन फिल्टरपेक्षा चांगला सौदा.

#७ नवाचालक
पण कोन फिल्टर लावल्यावर गाडी खरंच ओढते असं सगळे म्हणतात. तो आवाज तरी मस्त असतो.

#८ गॅस्केट
आवाज येतो तो मूळ डब्यातला आवाज दाबणारा भाग निघून गेल्यामुळे. बॉनेटखाली उघडा कोन लावला की तो रेडिएटरमागची गरम हवा ओढतो. मूळ डबा पुढच्या ग्रिलजवळून बाहेरची हवा घेतो. थंड हवेचा हा रस्ता कंपनीने आधीच करून दिलेला आहे आणि लोक पैसे देऊन तो काढून टाकतात.

तापमानाचा परिणाम लोक फुगवूनही सांगतात. ६० वरून ४० अंशावर आणलं तर हवेची घनता ६ टक्के वाढते हे खरं. पण ताकद तेवढी वाढत नाही, कारण हवा पोर्ट आणि व्हॉल्व्हवरून जाताना तापतेच. एसएईच्या (वाहन अभियंत्यांची संस्था) दुरुस्ती सूत्रात यासाठी तापमानाचं वर्गमूळ घेतात. म्हणजे २० अंशाला ३ टक्के, या गाडीत अडीच बीएचपी. फुकटात मिळत असेल तर घ्या.

घाटवळणी, चालताना बाहेर ३४ आणि आत ४३ म्हणजे डब्याच्या तोटीचा जोड सुटलेला नसावा, तरी हाताने चाचपून बघा. डबा आणि एक्झॉस्टच्या मधे एक मिलीमीटर ॲल्युमिनियम पत्र्याची आड भिंत घाला, दोन्हींपासून किमान २० मिलीमीटर हवेची फट ठेवून. पत्रा डब्याला टेकला तर उष्णता पोचवायचंच काम करतो. सिग्नलचे ६१ यानेही फार कमी होणार नाहीत, उभ्या गाडीत बॉनेटखाली सगळंच तापतं. चालायला लागल्यावर किती लवकर उतरतात ते महत्त्वाचं.

तोटी खाली बंपरच्या मागे नेऊ नका. या इंजिनात पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३३ घन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे दोन मोठे चमचे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून तेवढं पाणी एका सिलेंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर जायला जागा नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडण्याचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

#९ तेरानंबर
प्लग. इरिडियममुळे ताकद वाढत नाही, आयुष्य वाढतं. साध्या निकेल प्लगचं इलेक्ट्रोड झिजून अंतर वाढलं की जास्त व्होल्टेज लागतो, आणि फुल थ्रॉटलला, जिथे दाब जास्त, तिथे ठिणगी चुकायला लागते. तीच चुकलेली ताकद नवीन साध्या प्लगनेही परत येते. अंतर मॅन्युअलमध्ये आहे तेवढंच. फीलर गेज वापरा, आणि इरिडियमचं अंतर वाकवून बदलायचा प्रयत्न करू नका, टोक तुटतं.

बसवताना इंजिन थंड हवं, हेड ॲल्युमिनियमचं आहे. आधी खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सिलेंडरमध्ये पडते. प्लग हाताने, रबरी नळीच्या तुकड्यात धरून फिरवा. आटे चुकीचे लागले तर नळी घसरते आणि हेड वाचतं. १४ मिलीमीटर आट्याला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलीमीटरला १५ ते २०. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका. त्याने घर्षण कमी होऊन तोच टॉर्क जास्त ताण देतो.

काढलेले प्लग फेकू नका, सिलेंडरच्या क्रमाने मांडा. फिकट तपकिरी : ठीक. एक ओला काळा आणि बाकी कोरडे : त्या सिलेंडरचं तेल किंवा कॉइल. पांढऱ्यावर बारीक चकचकीत ठिपके : नॉकिंगने (मिश्रण आपोआप भडकून होणाऱ्या टकटकीने) पिस्टनचं ॲल्युमिनियम उडतंय. असं दिसलं तर रिमॅपचा विषय तिथेच थांबवा.

#१० टॅपेट
प्लग बाहेर आहेतच तर कॉम्प्रेशन बघून घ्या. गेज ८०० ते १५०० ला मिळतो. इंजिन गरम (इथे हात सांभाळा), चारही प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा ठोके. ॲक्सिलरेटर न दाबता घेतलेलं रीडिंग चुकतं, हवा आतच येत नाही. पुण्यात १२ बारच्या आसपास आलं तर बरं, पण खरा निकष चौघांमधला फरक : १० टक्क्यांच्या आत हवा. एक सिलेंडर कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा घ्या. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. फक्त व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हवरची फट) घट्ट झाल्यानेही दाब उतरतो, विशेषतः सीएनजीवर चाललेल्या गाडीत.

#११ नवाचालक
ऑनलाइन मिळणारा इलेक्ट्रिक टर्बो, ओबीडीत लावायची चिप आणि पेडल कंट्रोलर यांबद्दल काय?

#१२ रेव्हकाउंटर
इलेक्ट्रिक टर्बो : वर गॅस्केट यांनी सेकंदाला ५१ लिटर हवा काढली आहे. तिच्यात नुसता ०.१ बार दाब वाढवायचा तर आदर्श पंपालाही ५१० वॉट लागतात, खऱ्या पंख्याला किलोवॉटभर. १२ व्होल्टवर ते ८० अँपिअर होतात, अल्टरनेटर तिथेच संपला. दोन-तीन हजारांचा पंखा चार-पाच अँपिअर घेतो. ५००० आरपीएमला तो हवेच्या वाटेत आडवा पडलेला अडथळा असतो, आणि त्याचं पातं तुटलं तर ते थ्रॉटलमधून आत जातं.

ओबीडीत खोचायची चिप : आत दिवे लुकलुकवणारं सर्किट असतं. ईसीयूतला मॅप (पेट्रोल आणि टायमिंगचा तक्ता) बदलायला लागणारा संवाद ती करत नाही.

इंटेक तापमान सेन्सरला जोडायचा रेझिस्टर : ईसीयूला हवा थंड आहे असं खोटं सांगतो. साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर ते वाढीव पेट्रोल परत काढून घेतो. फुल थ्रॉटलला मात्र गरम हवेवर थंड हवेचं टायमिंग मिळतं आणि नॉकिंग होतं. फुकट मिळाला तरी लावू नका.

पेडल कंट्रोलर खरा आहे, पण तो ३० टक्के दाबलेलं पेडल ६० टक्के असं सांगतो, एवढंच. पूर्ण दाबल्यावर काडीचा फरक नाही.

#१३ डेपोमास्तर
सायलेन्सर. सुरुवात कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) तपासणीने करा. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढा (२२ नंबर, खाच असलेला सॉकेट, आटे १८ मिलीमीटरचे), तिथे ॲडॉप्टरने ० ते १० पीएसआयचा गेज लावा, मधे हातभर तांब्याची नळी, नाहीतर गेज वितळतो. आयडलला दीड पीएसआयच्या खाली, २५०० ला तीनच्या खाली. त्याच्या वर असेल तर कॅट बुजलाय, आणि तो बदलला की जो फरक पडतो तो कुठल्याही फ्री-फ्लोने पडत नाही. कॅट बुजला म्हणजे आधी मिसफायर (ठिणगी चुकणं) किंवा तेल जाळणं होतं. ते न सोडवता नवीन बसवलात तर तोही जाईल.

कॅट ठीक असेल तर नुसता मागचा डबा बदलून या इंजिनात एक-दोन बीएचपी, तेही वरच्या आरपीएमला. पाइप जास्त रुंद केला तर खालचा ओढा मरतो, आणि घाटात तुम्हाला तोच हवाय. कॅट काढून टाकणं हा पर्याय नाही : मागचा ऑक्सिजन सेन्सर पी०४२० हा बिघाडाचा कोड देतो, पीयूसी जातं, आणि मागच्या गाडीतल्या माणसाने तो धूर का घ्यायचा?

कायद्याचंही इथेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारांबद्दल आहे. परवानगी नसलेल्या फेरफाराला १८२अ(४) खाली प्रत्येक फेरफारामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाज आणि धुराला कलम १९०(२) वेगळं, पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत. अपघातानंतर विमा कंपनी दाव्यात हेच फेरफार शोधते. मूळ पार्ट नवीन करून बसवण्याला यातलं काही लागू होत नाही.

#१४ साताराडिझेल
थोडं अवांतर, पण १.३ मल्टिजेट डिझेलवाले इथे वाचत असतील. (फियाट आणि टाटातलं हे इंजिन रांजणगावचं, स्विफ्ट डीडीआयएसमधलं मानेसरचं.) टर्बो असल्याने इथे कमी पैशात जास्त मिळतं : ७५ चं इंजिन रिमॅपने ९५ पर्यंत जातं. पण त्याआधी बूस्टची (टर्बोने दाबलेल्या हवेची) गळती. दहा वर्षांची इंटरकूलरची (ती हवा थंड करणारी जाळी) नळी क्लिपच्या खाली तेलाने भिजलेली दिसली की तिथून हवा जाते असं समजा.

चाचणी घरी होते. टर्बोच्या बाहेर पडणाऱ्या नळीच्या मापाचं पीव्हीसीचं टोपण घ्या, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. टर्बोकडची नळी सोडवून ते टोपण क्लिपने घट्ट करा, समोर उभे राहू नका. ऑइलचं झाकण उघडं ठेवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हळूहळू ०.७ बार भरा, जास्त नको. साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर आणि इंटरकूलरच्या कोपऱ्यांवर. थोडा दाब उघड्या व्हॉल्व्हमधून उतरणारच, बुडबुडे शोधा.

रिमॅप केलात तर टॉर्क १९० वरून २३०-२४० न्यूटन-मीटर ठेवा, त्याच्या वर क्लच घसरतो. आणि काळा धूर म्हणजे हवा नसताना ओतलेलं डिझेल. जो ट्यूनर धूर दाखवून ताकद सिद्ध करतो त्याच्याकडून एक्झॉस्ट तापून टर्बो जाणार. सायलेन्सरमधून धूर न येता मिळते तेवढीच ताकद त्या इंजिनाची.

#१५ घाटवळणी
पीसीव्ही नळीच निघाली, आतल्या वळणावर चीर. नवीन नळी, कागदी फिल्टर आणि प्लग बदलले. ट्रिम आता आयडलला +६, २५०० ला +५. फुल थ्रॉटलला ९२.४. कॉम्प्रेशन चौघांचं ११.८ ते १२.३ बार. खर्च अडीच हजारांच्या आत. आता उरलेल्या पैशात रिमॅप की हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं?

#१६ गॅस्केट
कॉम्प्रेशन चौघांचं सारखं आहे, इंजिन निरोगी. ते उघडू नका. हेड घासण्याचा हिशोब बघा : बोअर ७३, स्ट्रोक ७१.५ मिलीमीटर, एका सिलेंडरचं आकारमान २९९ घन सेंटिमीटर. कॉम्प्रेशन १० ला १ धरलं तर वरची जागा ३३.२. पूर्ण बोअरभर ०.३ मिलीमीटर कमी केलंत तर १.२५ घन सेंटिमीटर जातात आणि गुणोत्तर १०.३५ होतं. कार्यक्षमतेत जेमतेम १ टक्का, म्हणजे बीएचपीसुद्धा नाही. बदल्यात हेड गॅस्केट, नवीन बोल्ट, टायमिंग चेनचा ढिलेपणा आणि नॉकिंगची भीती.

रिमॅप करायचा तर काय मागायचं ते लक्षात ठेवा. फुल थ्रॉटलचं मिश्रण कंपनीने कॅट थंड राहावा म्हणून जाड (पेट्रोल जास्त) ठेवलेलं असतं, ते १२.५ ते १२.८ पर्यंत आणता येतं. टायमिंग दोन-तीन अंश पुढे, तेही ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलची सवय ठेवणार असाल तरच. ई-२० चा ऑक्टेन मुळात जुन्या साध्या ९१ पेक्षा वरचा आहे. मूळ मॅप त्याचा फायदा घेत नाही, रिमॅप घेऊ शकतो. मिळणार ४ ते ७ बीएचपी, खर्च १५ ते २५ हजार. मॅप लिहिताना बॅटरीला चार्जर लावून व्होल्टेज १३ च्या वर ठेवायला सांगा, मधेच वीज गेली तर ईसीयू जागेवर मरतो. मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या. आणि आधी-नंतरची डायनोची (चाकावरची ताकद मोजायचं यंत्र) रीडिंग एकाच दिवशी, एकाच डायनोवर. चाकावर ६८ ते ७२ आलं तर घाबरू नका, गिअरबॉक्स आणि टायर आपला वाटा घेतात.

पण मला विचाराल तर तेच पैसे वजनावर आणि चाकांवर बघा. गाडी ९६० किलोची. डिकीतलं ३० किलो अनावश्यक सामान म्हणजे ३ टक्के, अडीच बीएचपीइतका फरक चढावर. १४ इंचांची मूळ १६५/८० चाकं काढून १६ इंची २०५/५५ घातली तर व्यास २ टक्क्यांनी वाढतो, प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो आणि फिरणारं वजन वाढतं. घाटासाठी मूळ मापच चांगलं. चाकं उचलून हाताने फिरवा : ब्रेक धरून राहिलेला असेल तर कळेल. इंजिन ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच. 'जुनी गाडी, जाड ऑइल' या नियमाने ओतलेलं २०डब्ल्यू-५० दर फेरीला ताकद खातं.

#१७ तेरानंबर
जुनी कार्बोरेटरवाली ८०० कोणाकडे असेल तर त्यांच्यासाठी. तिथे ट्रिम नाही, त्यामुळे ई-२० वर मिश्रण आपोआप पातळ होतं आणि फुल थ्रॉटलला इंजिन तापतं. शुद्ध पेट्रोलवर बसवलेलं असेल तर इंधन ७ टक्के जास्त हवं. जेटचं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाचं) क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं, म्हणून व्यास साडेतीन टक्के पुरतो : १०० नंबरचा मेन जेट असेल तर १०२.५ किंवा १०५. भोक ड्रिलने वाढवू नका, कडा खरबरीत झाली की प्रवाह बिघडतो. ५०-१०० रुपयांचा जेट मिळतो. टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटर दोन अंश पुढे, चढावर टकटक आली तर परत मागे. पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घाला, मगच बाकीचं.

#१८ नवाचालक
शेवटचा प्रश्न. बॅटरीची तार काढून पुन्हा लावली की दोन दिवस पिकअप वाढल्यासारखा वाटतो. हे खरं की भास?

#१९ टॅपेट
काही वेळा खरं. तार काढल्यावर बऱ्याच गाड्यांत शिकलेला ट्रिम आणि नॉकिंगमुळे मागे घेतलेलं टायमिंग पुसलं जातं. जुन्या, कमी ऑक्टेनच्या किंवा भेसळीच्या पेट्रोलवर ईसीयूने टायमिंग मागे ओढलेलं असेल तर ते परत पुढे येतं आणि गाडी मोकळी वाटते. ५० ते १०० किमीत ईसीयू पुन्हा शिकतो आणि गाडी पूर्वीसारखी होते. उलट ट्रिम शून्यावर आल्याने ई-२० वर सुरुवातीचे काही किलोमीटर फुल थ्रॉटल पातळ जातं, म्हणून तार काढल्यावर लगेच जोरात ओढू नका.

तुमची गाडी तार काढल्यावर दर वेळी स्पष्ट सुधारत असेल तर चढावर तिसऱ्या गिअरमध्ये २५०० ला फुल थ्रॉटल देऊन इग्निशन ॲडव्हान्स लॉग करा, तार काढण्याआधी आणि नंतर. चार-पाच अंशांचा फरक दिसला तर दुसऱ्या पेट्रोल पंपावरून दोन टाक्या ९५ ऑक्टेनच्या भरा. तरीही टायमिंग मागेच राहिलं तर सिलेंडरमध्ये कार्बन साचलाय किंवा नॉक सेन्सरचा बोल्ट चुकीच्या टॉर्कने आवळलाय. सेन्सर सोडवून खालची जागा बारीक एमरी पेपरने साफ करा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने, वॉशर न घालता, परत बसवा.